विस्टेरिया वाळलीय असं वाटतंय? उपटायच्या आधी नख लावून बघा

इंग्लंडात जुनं घर घेतलं की बऱ्याचदा घरासोबत भिंतीवरची विस्टेरियापण पदरात पडते. एजंट फोटो दाखवतो मे महिन्यातला, जांभळे घोस हातभर लोंबतायत, आणि आपण सामान घेऊन येतो फेब्रुवारीत, तेव्हा भिंतीवर नुसती वाळकी दोरखंडं. आमचं अगदी तसंच झालं. २०१८ च्या फेब्रुवारीत रेडिंगला राहायला आलो, पहिल्या मे मध्ये वेलीला मोजून चार घोस, दुसऱ्या वर्षी एकही नाही, आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२० ला लॉकडाऊनमध्ये, डावीकडची अर्धी वेल फुटलीच नाही. मी उपटायच्या तयारीत होतो, फावडं पण आणलेलं. तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर आण्णांनी बघितलं. आण्णा म्हणजे माझे वडील, निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग, चाळीस वर्षं हातात कात्री. विस्टेरिया त्यांनी जन्मात बघितली नव्हती. मी वरची वाळकी टोकं दाखवत होतो आणि ते म्हणाले, "वर काय दाखवतोस रे, फोन खाली घे. अजून खाली. बुडाशी घे."

बुडाशी काय होतं ते पुढे सांगतो. ज्यांनी नुकतंच घर घेतलंय, बागकाम म्हणजे कुंडीतली तुळस एवढाच अनुभव आहे आणि भिंतीवर एक मरगळलेली वेल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. विस्टेरिया उत्तर द्यायला एक वर्ष लावते. या मे मध्ये जी फुलं दिसतात त्यांचे डोळे मागच्या उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबर मध्ये तयार झालेले असतात. म्हणजे आज केलेली चूक पुढच्या मे मध्ये दिसणार आणि आज केलेला उपायही तेव्हाच दिसणार. नाशिककडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, एप्रिलला खरड छाटणी करायची, मग त्या काडीत आत घडनिर्मिती होते, आणि घड बघायला मिळतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. इथेही तसंच, फक्त मधलं अंतर जास्त आहे. लोकांचा धीर इथेच सुटतो, एका महिन्यात खत पण घालतात, छाटतात पण, औषध पण मारतात, आणि मग पुढच्या वर्षी वेल फुलली काय किंवा मेली काय, कशामुळे ते कुणालाच कळत नाही. मी पण हेच केलं होतं.

पहिलं काम, जिवंत आहे का ते बघा

अंगठ्याच्या नखाने बारीक फांदीची साल थोडी खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं आणि काडकन मोडणारं असेल तर ती फांदी गेली. पण एका फांदीवरून निकाल देऊ नका. टोकापासून सुरू करा आणि वीत-वीत अंतरावर खाली येत खरवडत जा, जिथे हिरवं लागेल तिथे रंगीत दोरा बांधा. मुख्य खोडावर नख चालत नाही, तिथे चाकूच्या टोकाने नखाएवढीच साल उचलून बघा, उगाच सोलत बसू नका.

आणि कॅलेंडर बघा. विस्टेरिया उशिरा उठणारं झाड आहे. शेजारचे गुलाब मार्चमध्ये हिरवे होतात, चेरी फुलून गळून जाते, आणि ही एप्रिलच्या शेवटपर्यंत ढिम्म. नवीन लावलेलं रोप तर जून संपेपर्यंत, कधी कधी जुलैपर्यंत पान काढत नाही, त्याची मुळं बसेपर्यंत वरचा कारभार बंद असतो. त्यामुळे नवीन रोप मे मध्ये 'मेलं' म्हणून फेकू नका, खरवडून हिरवं लागतंय ना, मग पाणी द्या आणि गप्प बसा. चायनीज जात आधी फुलते मग पानं काढते, जॅपनीज दोन्ही जवळजवळ एकत्र काढते, म्हणजे फुलं आहेत पण पानं नाहीत असं दिसलं तर तो आजार नाही.

तुमची कुठली हे वेटोळ्यावरून कळतं. वरून खाली बघितलं तर चायनीज वेल घड्याळाच्या उलट दिशेने वेटोळे घेते, जॅपनीज घड्याळाच्या दिशेने. बांधताना याचा उपयोग होतो, तिला तिच्या उलट दिशेला गुंडाळलं तर ती सगळा सीझन स्वतःला सोडवण्यात घालवते.

दुसरं काम, बुडापासून वर चला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गुडघ्यावर बसा, बुडाशी साचलेला पाला, झाडाच्या सालीचा थर, मागच्या मालकाने टाकलेले दगड, सगळं बाजूला करा आणि पहिले दोन फूट खोड नीट बघा.

कलमाचा जोड शोधा. दुकानातली बहुतेक विस्टेरिया कलम केलेली असते, बुडाशी एक गाठ किंवा तिरका व्रण दिसतो, त्याच्या खालचा भाग खुंट, वरचा भाग आपली फुलांची जात. द्राक्षात डॉगरिज खुंटावर कलम करतात तसंच. आता त्या जोडाच्या खालून किंवा सरळ मातीतून सरळसोट लांब फुटवे निघालेत का? माझ्याकडे तीन होते, चांगले बोटाएवढे जाड, आणि मी दोन वर्षं त्यांना नवीन फूट आली म्हणून कौतुकाने वर बांधत होतो! आण्णा फोनवर म्हणाले, "खुंट फुटलाय तुझा. खुंट फुटला की कलम उपाशी मरतं." हे फुटवे वरवर कात्रीने कापायचे नाहीत, कापले तर त्याच जागी चार येतात. माती उकरून जिथून निघालाय तिथपर्यंत जा आणि ओढून मुळापासून फाडून काढा. फक्त आधी खात्री करा की कलमाचा वरचा भाग जिवंत आहे. तो मेला असेल आणि फक्त खुंटच हिरवा असेल तर तुमच्याकडे आता बियांपासून वाढलेली वेल उरलीय, आणि बियांवरची विस्टेरिया फुलायला दहा-पंधरा वर्षं, कधी वीससुद्धा घेते. कलमाची तीन-चार वर्षांत फुलू लागते. अशा वेळी सरळ नवीन कलम आणलेलं बरं. आणताना जमलं तर मे मध्ये, फुलं असतानाच आणा, म्हणजे काय घेतोय ते डोळ्यांनी दिसतं.

कधी कधी कलमाचा जोडच फेल होतो. काल-परवापर्यंत ठीक दिसणारी वेल भर उन्हाळ्यात आठवड्याभरात मान टाकते, जोडापाशी साल सुटलेली असते आणि खाली खुंट मात्र टवटवीत. याला उपाय नाही, आणि यात तुमची चूकही नाही.

तारा आणि बांधण्या बघा. माझी डावी फांदी यानेच गेली. आधीच्या कुणीतरी छपराच्या पन्हाळीच्या पाइपला वेल तारेने आवळून बांधली होती, वर्षानुवर्षं खोड जाड होत गेलं आणि तार आत रुतली, वरून फक्त एक खाच दिसत होती. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा. सगळी वेल आजारी असेल तर दोष मुळात किंवा बुडात शोधा, एकच बाजू आजारी असेल तर ती बाजू जिथून निघते तिथपासून आजारी भागापर्यंत हात फिरवत जा, मध्ये कुठेतरी तार, चीर, कॅंकरचा म्हणजे साल कुजून पडलेला खड्डा, काहीतरी सापडतंच. तार सापडली तर कापून काढा, जी खोल रुतलीय ती ओढून साल फाडू नका, दोन-तीन ठिकाणी तोडून ताण सोडवला तरी चालतं.

साल आणि वास. बुडाची साल मऊ पडलीय, लालसर तपकिरी डाग आहेत, माती कायम ओली, तर मूळकूज. छपराचं पाणी तिथेच पडतंय का, नळ गळतोय का ते बघा आणि आधी पाण्याची वाट काढा, नुसतं वरून काही मारून मूळकूज बरी होत नाही. साल उचलल्यावर आत पांढरा कागदासारखा पापुद्रा आणि अळंबीचा वास आला, किंवा शरद ऋतूत बुडाशी मधाच्या रंगाच्या छत्र्यांचा झुपका उगवला, मातीत बुटाच्या काळ्या लेससारखे दोरे सापडले, तर तो हनी फंगस, मुळं कुजवणारी बुरशी. इथे तुम्हा-आम्हाला मारता येईल असं कुठलंही औषध त्यावर नाही. वेल मुळांसकट काढायची, जितकी मुळं निघतील तितकी काढायची, आणि त्या जागी परत विस्टेरिया लावायची नाही. वाईट वाटतं पण शेजारची झाडं वाचवायची असतील तर इथे रेंगाळू नका.

मुळं उकरताना बारीक गाठी दिसल्या तर मात्र घाबरू नका. विस्टेरिया वालाच्या, हरभऱ्याच्या कुळातली आहे, हरभरा उपटल्यावर मुळावर ज्या गाठी दिसतात त्याच या, हवेतला नत्र धरणाऱ्या. बोराएवढी किंवा त्याहून मोठी, खडबडीत लाकडी गाठ खोडाच्या बुडाशी असेल तर तो वेगळा रोग, पण मुळावरचे मणी हे तब्येतीचं लक्षण.

या कुळाचीच अजून एक गोष्ट. आई इकडे आली होती तेव्हा सप्टेंबरमध्ये वेलीला मखमली शेंगा लागलेल्या बघून म्हणाली, "अरे या तर वालाच्या शेंगांसारख्या, भाजी करतात का रे यांची?" अजिबात नाही! शेंगा आणि बिया विषारी असतात, मळमळ, उलट्या, पोटात मुरडा. घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर शेंगा हिरव्या असतानाच खुडून टाका, नाहीतर वाळल्यावर त्या फटाफट फुटतात आणि बिया अंगणभर होतात.

पाणी, हे वाटतं तितकं सोपं नाही

इंग्लंडात पाऊस इतका, मग पाणी कशाला घालायचं, असं मलाही वाटायचं. पण भिंतीच्या बुडाशी पाऊस पडतच नाही, छपराची पागोळी आणि भिंतीचा आडोसा यामुळे तिथली फूटभर माती जुलैमध्ये भाकरीच्या पिठासारखी कोरडी असते. बोट घालून बघा, दोन पेरं खाली ओल लागली पाहिजे. नवीन लावणार असाल तर म्हणूनच भिंतीपासून हात-दीड फूट लांब लावा आणि तिरकी भिंतीकडे न्या.

जुलै ते सप्टेंबर पाणी तोडू नका. २०२२ च्या १९ जुलैला इथे इतिहासात पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला, ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाइपने पाणी घालायला बंदी आली, तेव्हा मी भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून दर तीन-चार दिवसांनी दोन बादल्या बुडाशी ओतायचो, बायको हसायची. २०२३ च्या मे मध्ये आमची वेल भरून फुलली आणि समोरच्या घरची, आमच्याहून मोठी, नुसती पानांवर भागली. आता एका वर्षावरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण डोळे उन्हाळ्यात भरतात आणि तेव्हा तहान लागली तर ते पोकळ राहतात हे खरं आहे.

पानं काय म्हणतायत

पान पिवळं पण शिरा हिरव्या, आणि तेही नवीन शेंड्याकडच्या पानांवर, तर लोह कमी पडतंय, चुनखडीच्या मातीत किंवा कुंडीत हे होतं. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह द्या, द्राक्षवाल्यांच्या घरी हा डबा असतोच. सगळंच पान फिकट आणि माती ओलीचिंब असेल तर ते लोह नाही, मुळं गुदमरतायत.

पानावर पांढरी पावडर म्हणजे भुरी, बहुतेक वेळा मुळाशी कोरड आणि वर हवा कोंडलेली. पाणी द्या, गर्दी विरळ करा, एवढ्याने भागतं. निफाडला भुरीसाठी किती स्प्रे मारतात ते आठवून इथे घाबरू नका, आपल्याला माल एक्स्पोर्ट करायचा नाहीये.

पानावर पिवळे ठिपके, शिरांच्या बाजूने चट्टे, पान वेडंवाकडं, आणि दरवर्षी तेच, तर व्हायरस असू शकतो. त्यावर उपाय नाही, आणि ती कात्री दुसऱ्या वेलीला लावू नका.

पानं चिकट आणि त्यावर काजळी धरलीय? मग खोडावर बघा. तपकिरी अर्ध्या मण्यासारखे फोड ओळीने चिकटलेत का, ती खवले कीड. विस्टेरियावरची एक मोठी खवले कीड ब्रिटनमध्ये पहिल्यांदा २००१ ला लंडनमध्ये सापडली, एकेक मादी सेंटीमीटरभर होते, लांबून खोडाचाच भाग वाटते. हिवाळ्यात पानं नसताना जुन्या टूथब्रशने नाहीतर भांडी घासायच्या ब्रशने हलक्या हाताने खरवडून काढा, जास्त भरलेल्या फांद्या कापून टाका. पिलं जून-जुलैमध्ये फिरतात, तेव्हा परत एक नजर टाका. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करा.

वेल ठणठणीत पण फुलं नाहीत

हीच तक्रार सगळ्यात जास्त. याची कारणं चार-पाचच.

एक, खत. मी पहिल्या वर्षी लॉनवर घालतात ते फीड मूठ-मूठ वेलीच्या बुडाशी पण टाकलं होतं, उरलंय तर वाया कशाला. लॉन फीड म्हणजे नुसता नत्र. जी वेल स्वतःच हवेतून नत्र धरते तिला अजून नत्र, मग काय, दहा-दहा फुटांचे वांझ फुटवे आणि फूल शून्य. नत्र बंद करा, मार्च-एप्रिलमध्ये सल्फेट ऑफ पोटॅश द्या, चौरस मीटरला २० ग्रॅमच्या आसपास, मातीत मिसळून वर पाणी. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपलं झिरो झिरो फिफ्टी की!" तेच, नत्र-स्फुरद शून्य आणि नुसता पोटॅश. लॉनचं खत पसरताना वेलीपासून चार-पाच फूट लांबच थांबा, मुळं लॉनखाली पसरलेली असतात.

दोन, ऊन. दिवसाला सहा तास तरी हवंच. मागे शेजाऱ्याचं झाड मोठं होऊन सावली आली असेल तर कितीही पोटॅश घाला, काही होणार नाही.

तीन, थंडी. निफाडला पारा खाली गेला की बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, घड वाचवायला. इथे एप्रिलमध्ये डोळे फुगलेले असताना एका रात्रीचं दव गोठलं की सगळे डोळे काळे पडून गळतात. वेल छोटी असेल तर त्या रात्री बागेच्या दुकानात मिळतं ते पांढरं फ्लीसचं कापड टाका, मोठी असेल तर देवावर हवाला. नुसते डोळे गायब, खाली गळलेले पण नाहीत, तर कबुतरं किंवा चिमण्या.

चार, वय. तीन वर्षांची वेल फुलत नाही म्हणून खंतावू नका. लंडनच्या चिझिकमध्ये ग्रिफिन ब्रुअरीच्या भिंतीवर १८१६ ला लावलेली विस्टेरिया आहे, इंग्लंडातली सगळ्यात जुनी मानतात, दोनशे वर्षं उलटली तरी फुलते. यांच्या हिशोबात आपली वेल अजून बालवाडीत आहे.

आणि पाचवं, चुकीच्या वेळी चुकीची छाटणी. यावर सविस्तरच बोलावं लागेल, कारण निम्म्याहून जास्त वेली मी बघितल्या त्या याच कारणाने रुसलेल्या होत्या.

छाटणी, वर्षातून दोनदा

द्राक्षासारखीच दोनदा, फक्त महिने वेगळे.

उन्हाळी छाटणी जुलै-ऑगस्टमध्ये, फुलं जाऊन दीड-दोन महिने झाले की. या वर्षी निघालेले चाबकासारखे लांब फुटवे प्रत्येकी पाच-सहा पानं ठेवून मागे घ्या, साधारण फूटभर. ज्या फुटव्याने भिंतीची रिकामी जागा भरायची आहे तो सोडा, त्याला आडवा बांधा. आडवा, उभा नाही, उभी फांदी नुसती पळते आणि आडवी फुलते, द्राक्षात ओलांडा, म्हणजे खोडाचा मांडवावरचा हात, आडवा का करतात तेच. याने दोन गोष्टी होतात, ऊन आत जुन्या लाकडापर्यंत पोचतं आणि वेलीची ताकद पळण्याऐवजी फुटव्याच्या बुडाजवळच्या डोळ्यात जाते.

हिवाळी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, पानं नसताना. जे फुटवे उन्हाळ्यात मागे घेतले होते तेच आता दोन-तीन डोळे ठेवून कापा, चार बोटं लांब राहतील इतके. आता डोळा ओळखायला शिका. फुलाचा डोळा गुबगुबीत, गोलसर, पानाचा डोळा बारीक, टोकदार, काडीला चिकटलेला. पहिल्या हिवाळ्यात फरक कळत नाही, जानेवारीत दोन्हीचे फोटो काढून ठेवा आणि मे मध्ये त्याच जागी काय आलं ते ताडून बघा, पुढच्या वर्षी चूक होत नाही.

माझी चूक काय होती तर मी मार्चच्या शेवटी, छान ऊन पडलं म्हणून, हौसेने सगळी वेल गोल भादरली, हेज कटरने. सगळे गुबगुबीत डोळे गवतावर पडले होते आणि मी झाडून कचऱ्यात भरले. दुसऱ्या वर्षी एकही घोस का नव्हता ते मला आण्णांशी बोलेपर्यंत कळलं नव्हतं.

छाटणी टाळलीत तर वेल कौलांखाली, छपराच्या पन्हाळीत, धुराड्यात घुसते आणि तो खर्च मोठा असतो. २००९ ला इथे खासदारांच्या खर्चाचं प्रकरण गाजलं त्यात पुढे पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांचं ६८० पौंडांचं बिल होतं, त्यात धुराड्यावरची विस्टेरिया काढण्याचं काम पण होतं, पैसे त्यांनी नंतर परत केले. तेव्हापासून इथल्या लोकांना विस्टेरिया म्हटलं की तेच आठवतं. शिडीवर एकटे चढू नका, खाली कुणीतरी धरायला हवं.

आजारी वेल परत उभी करायचा क्रम

तपासून झालं, दोष सापडला, आता घाई न करता असं करा.

हिवाळ्यात मेलेलं लाकूड कापा, जिथे हिरवं लागलं आणि दोरा बांधला होता तिथपर्यंत, हिरव्या डोळ्याच्या थोडं वर. कात्री स्पिरिटने पुसून घ्या, दर फांदीला. खुंटाचे फुटवे फाडून काढा, जमिनीवर पसरून ठिकठिकाणी मुळं धरलेल्या लांब फांद्या पण उचलून कापा. जुन्या तारा काढून मऊ सुतळीने आठच्या आकड्यासारखं सैल बांधा, दरवर्षी सोडून परत बांधायचं.

वेल फारच गुंता झाली असेल तर एकदम सगळी तोडू नका. एका हिवाळ्यात तिसरा हिस्सा जुन्या फांद्या, पुढच्या हिवाळ्यात अजून तिसरा. एकदम बोडकी केली तर मरत नाही सहसा, पण रागाने इतके फुटवे काढते की पुढची दोन-तीन वर्षं फुलांचं नाव नाही.

बुडाशी दोन-तीन इंच कंपोस्ट पसरा, खोडाला चिकटू न देता, एक ओंजळभर जागा मोकळी सोडून. पहिल्या वर्षी आजारी वेलीला जोरदार खत नको, आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही, मऊ भात देतो. पोटॅश दुसऱ्या वसंतात. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून.

जागा बदलायचा मोह आवरा, मोठी विस्टेरिया हलवलेली तिला सोसत नाही. जपानच्या आशिकागा फ्लॉवर पार्कमधली शंभर वर्षांहून जुनी प्रचंड वेल १९९६ ला दुसरीकडून तिथे हलवली होती हे खरं, पण त्यासाठी कोनामी त्सुकामोतो यांच्यासारखी झाडांची डॉक्टर होती, आणि खोडाला मोडलेल्या हाडासारखं प्लास्टर घालून नेली होती. आपल्याकडे आहे एक व्हीलबॅरो.

कुंडीत असेल तर कुंडी किमान दीड फूट रुंद, मातीवालं मिश्रण, आणि उन्हाळ्यात रोज पाणी. कुंडीतल्या वेलीचे निम्मे आजार म्हणजे कुंडी लहान आणि माती सुकलेली.

दर महिन्याला एकाच जागी उभं राहून एक फोटो काढा आणि काय केलं ते खाली लिहा. माझ्या फोनमध्ये २०२० पासूनचे आहेत. तार कापल्यावर तारेच्या पलीकडचं सगळं वाळकं निघालं, ते तोडलं, अलीकडच्या हिरव्यातून एक फुटवा आला तो डावीकडे आडवा बांधला. २०२१ ला उजवीकडे फुलं आली, डावीकडे नुसती पानं. २०२२ ला तेच. २०२३ ला डाव्या फांदीवर नऊ घोस, तेवढे मोजून आण्णांना पाठवले, तर त्यांचं उत्तर आलं, "विरळणी कर. नऊ जास्त होतात पहिल्या बाराला." फुलांची विरळणी नसते हे त्यांना अजून पटलेलं नाही.

अमेरिकेत असाल तर एक वेगळी गोष्ट. तिथे पूर्वेकडच्या राज्यांत चायनीज आणि जॅपनीज विस्टेरिया रानात घुसून झाडं आवळून मारते, त्यामुळे मरायला टेकलेली वेल वाचवायच्या आधी ती हवीय का ते ठरवा. नवीन लावायची तर तिथली मूळची अमेरिकन विस्टेरिया लावा, घोस लहान पण स्वभावाने गरीब, आणि लवकर फुलते.

आणि पुण्या-नाशिकचे जे लोक ऑनलाइन रोप मागवून मला फोटो पाठवतात त्यांना, कृपा करून नका. हिला हिवाळ्याची खरी थंडी लागते, शिमला-मसुरीकडे ठीक आहे, आपल्याकडे पानं येतील, फुलांची वाट बघत बसाल. माझ्या चुलतभावाने ओझरला लावली, चार वर्षं झाली, मांडव भरला, घोस एक नाही. त्याला शेवटी पेट्रिया लावायला सांगितलं, जांभळट निळ्या चांदण्यांचे तुरे येतात, लांबून बघणाऱ्याला तीच वाटते आणि आपल्या उन्हात मजेत फुलते. पानं तेवढी सँडपेपरसारखी खरखरीत असतात, छाटताना फुल बाह्यांचा शर्ट घाला.